जगासाठी सामान

दिवसा मी मकरपुऱ्यात प्रेशर गेज तपासतो.
काटा शून्यावर परत येतो का, किती चुकतो,
चुकत असेल तर रोज तेवढाच चुकतो का.
रोज तेवढाच चुकणारा काटा चालतो आम्हाला.
कार्डावर तशी नोंद करून देतो.

रविवारी रात्री मात्र मला एक आख्खं जग लागतं.
चौघं येतात, दांडिया बाजारात, माझ्या तिसऱ्या मजल्यावर,
जिना चढतानाच भांडत:
तेजल चेटकीण, उद्धव शिर्के भाडोत्री तलवार,
मृणालिनी गुप्ते, एरवी दातांची डॉक्टर, इथे कुलपं उघडणारी,
आणि अर्शद, ज्याचं अजून ठरत नाहीये.

मागचं जग मी गोष्टीसारखं बांधलं होतं.
एक रस्ता, रस्त्याच्या टोकाला राक्षस.
चौघं पहिल्याच फाट्याला उलटी वळली
आणि मी घाईघाईनं तिकडे दरी खणली.
उद्धव म्हणाला, ही आत्ता खणलीस ना?
माती ओली दिसत्येय.

म्हणून या खेपेला गोष्ट नको. वाळू.
कुठूनही उकरा,
हाताला काहीतरी लागलं पाहिजे.

लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर आहे, बटण दाबलं की खंड देतं.
डोंगर, वाळवंटं, एकोणचाळीस राज्यं, राजांची नावं,
राजांच्या मावश्यांचीसुद्धा.
एका संध्याकाळी सात खंड काढले.
एकातही राहावंसं वाटलं नाही.
नद्या सगळ्या शहाण्यासारख्या समुद्राला मिळत होत्या,
एकही गावात शिरून
काही विसरल्यासारखी मागे वळत नव्हती,
आमच्या विश्वामित्रीसारखी.

मग मांडवीत, चोपडेवाल्याकडे.
लाल कापडी पुठ्ठा, वर दोरा, आत पिवळट कागद.
'कोना नामे?' त्यानं विचारलं, पहिल्या पानासाठी.
मला पेढीचं नाव सांगता येईना.
म्हटलं, राहू दे कोरं.
धान्याचे भाव डाव्या पानावर लिहिले, उजव्यावर वैरं,
कुणाकडून किती येणे, कधीपासून.
तीन राज्यं बसली त्यात. एकोणचाळीस कशाला हवीत?

फासे मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिले,
सवयच ती.
वीस बाजूंचा हिरवा फासा
दर वेळी सतरा वर करून थांबे.
टाकून द्यायचा तो; ठेवला.
हवामानासाठी.
सतरा म्हणजे धुकं.
त्या देशात जरा जास्तच धुकं पडणार,
तर लोक त्याची कारणं काय सांगत असतील
तेही लिहून ठेवलं.

षटकोनी कागद स्वतः आखला,
जुन्या बाजारातल्या तडा गेलेल्या स्टेन्सिलनं.
एक षटकोन म्हणजे एका दिवसाची चाल.
तीनशे आखले, एकोणीस भरले.
बाकीच्यांसाठी तक्ते:
कोण भेटतं, त्याला काय हवंय,
आणि आपण तिथे नसतो तेव्हा तो काय करत असतो.
या शेवटच्या रकान्याला तीन महिने गेले.
ऑफिसात गेजचा काटा टिचकीनं हलवताना
मधेच सुचायचं, की जकात नाक्यावरचा म्हातारा
रात्री बासरी दुरुस्त करतो.

पहिल्या रविवारी चौघं गावाबाहेर पडली, नदीकडे.
मी तक्त्यावर फासा टाकला.
मगर.
साधीच, आपल्या काला घोड्याच्या पुलाजवळ
हिवाळ्यात ऊन खात पडलेली असते तशी,
तोंड उघडं टाकून.
उद्धवनं तलवार काढली. तेजल मंत्र मोजायला लागली.
'मगर,' अर्शद म्हणाला,
त्याच्या घरच्या भाषेतला, म्हणजे पण,
'मगर हिला हवंय काय?'

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी बोट फिरवत रकान्यापर्यंत गेलो.
मगरीची ओळ राहून गेली होती.
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
एक, दोन, पाच, सुरू होईना.
मी पेन्सिल उचलली.

'खणू नकोस आता,' मृणालिनी म्हणाली,
'आम्ही बघतो,'
आणि पुढ्यातला फासा उचलून टाकला,
हिरवा, तोच.

सतरा.
पाणी, काठ, मगर, काही दिसेना.
त्यात अर्शदचा आवाज आला:
लिहून घे,
मी नावाडी.