कॉट सब

नाबर मास्तर गेले, त्याच्या तेराव्याला
वहिनींचा फोन: रद्दीवाला रविवारी येतोय,
तुम्हांला काही हवं असेल तर आधी या.

मुगभाट, दुसरा मजला.
कॉटखाली एकोणतीस रजिस्टरं, कापडी बांधणीची,
बँकेतून बँकेला न विचारता आणलेली.
प्रत्येकावर एक देश, हिरव्या शाईत.
वरचं उचललं तर अर्जेंटिना.

हसूच आलं.
मास्तर आयुष्यात कर्जतपलीकडे गेले नाहीत,
आणि इथे बुएनोस आयर्सचे रेल्वेतले साहेब,
मांसाच्या कंपनीतले कारकून,
मेंढ्यांचे मालक, एक पाद्री,
हजेरीतल्यासारखे ओळीने, आडनाव आधी.
इंग्लंडहून बोटीने टीम यायची,
तिथल्या भर उन्हाळ्यातल्या नाताळात,
तेव्हा गावातल्या साहेबांतून हे अकरा उभे राहायचे
आणि तेवढ्यावर फर्स्ट क्लास व्हायचे.

पेंडलबरी, ओ. टी.
सामने एक. डाव दोन. धावा तीन. सर्वाधिक तीन.
गोलंदाजी नाही.
झेल एक.
शेऱ्यात मास्तरांचं बारीक अक्षर:
जन्मतारीख मिळत नाही. चौकशी चालू.
शेजारी टाचणीला पोस्टाची पावती, विमानाने,
एकोणीसशे एकाहत्तर.

बावीस वर्षं मी क्रॉस मैदानावर
दुसऱ्याची पॅड बांधून खेळलो.
माझ्यापुढे सहा जण होते, त्या सहांपुढे आणखी सहा.
हे शहरच असं, की शंभर काढून आलेल्या पोराला
घरी विचारतात, मग आऊट कसा झालास?

पेंडलबरी, तुझा मला राग आला.
खरंच आला. तीन धावा, आणि रजिस्टरात.

माझं एकदाच.
ब्रेबर्नवर, बडोद्याविरुद्ध, चहानंतर
हळदणकरच्या पोटरीत गोळा आला
आणि मी पाण्याचा ट्रे दोरीपाशी ठेवून आत गेलो.
डीप स्क्वेअर लेग. अकरा ओव्हर उभा, चेंडू आला नाही.
बाराव्यात आला. उंच.
सूर्यासमोर क्षणभर चिंचोक्याएवढा,
मग दिसेनासा,
मग एकदम हातात, गरम.
कोणीतरी पाठीवर थाप मारली. कोण, ते आठवत नाही.
त्यालाही मी कोण ते माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशी पेपरात: कॉट सब, बोल्ड घारपुरे.
आईने ती ओळ कात्रीने कापली,
देवघराच्या काचेखाली सरकवली,
आणि शेजारच्या पाटणकरीणबाईंना दाखवलं,
हे सब म्हणजे आमचा विश्राम.
मी दुरुस्त केलं नाही. काय दुरुस्त करणार?

तर मुंबईचं रजिस्टर शोधलं. सगळ्यांत तळाशी, सगळ्यांत जाड.
तो सामना सापडला.
मास्तर त्या दिवशी स्कोअरर होते,
टेबलावरून मला बघत होते,
नंतर चौतीस वर्षं माझ्याबरोबर चहा प्यायले,
माझ्या लग्नात पंगतीला वाढलं त्यांनी.
त्यांनीही लिहिलंय: कॉट सब.

नियम म्हणजे नियम.
फक्त सबच्या पुढे हिरव्या शाईचं एक टिंब आहे.
स्कोअरबुकात टिंब म्हणजे काही घडलं नाही.
कदाचित पेन तिथे थोडा वेळ टेकलं असेल.
चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं.

वहिनी म्हणाल्या, सापडलं का काही?
म्हटलं, हो.

मुंबईचं होतं तिथे ठेवलं, ते कोणीही नेईल.
अर्जेंटिना पिशवीत घातलं.
पेंडलबरीची जन्मतारीख अजून मिळायची आहे.