नऊ किलो चारशे

सदरच्या दुकानात पहिलाच प्रश्न : वजन किती?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
दात किती आलेत ते ठाऊक होतं,
लाइट गेली, पंखा थांबला
की झोपेत कुठली भुवई आधी वर जाते, तेही.
वजन लसीच्या कार्डावर,
आणि कार्ड घरी, इंदोऱ्यात.

वाटेत कमाल चौकाजवळ रद्दीचं दुकान लागलं.
शेंडेंनी काट्यावरचा गठ्ठा उतरवला,
त्यातल्या त्यात स्वच्छ पेपर अंथरला. "ठेवा जी."
काटा थरथरला.
संबोधीनंही थोडं थरथरून पाहिलं.
नऊ किलो चारशे.
"रद्दीच्या भावानं झाले एकशे..."
हिशेब पुरा व्हायच्या आत
विशाखानं तिला उचललं.

परत सदर.
बदकांची सीट, बाटली ठेवायची सीट,
एक तर आमच्या सोफ्यापेक्षा गुबगुबीत.
"हे घ्या सर, हे खूप चालते," पोरगा म्हणाला.
मला चालण्याचं विचारायचंच नव्हतं.
गाडी थांबली तर?
पाचपावलीच्या पुलावर कोणी आडवं आलं,
आणि एकदम थांबली तर?
तो बदकांकडे पाहत राहिला.

ताईनं तिची जुनी देऊ केली होती, नव्यासारखी.
पट्ट्याखाली प्लास्टिकवर एक पांढरी रेघ.
कुठे ठोकली होती का गं?
"किरकोळ. बुटीबोरीच्या पुढे. कोणाला काही झालं नाही."
सीटला काय झालं, ते सीट सांगत नाही.
आमच्या घरातली बरीच माणसं अशीच आहेत.
मी चहा पिऊन नको म्हणालो.

शेवटी घेतली ती करड्या रंगाची,
पाठमोरी बसणारी, कुठेही बदक नसलेली.
मे महिना. गाडी लिंबाखाली, तरी बक्कल असं तापलेलं
की ओला पंचा टाकून निववावं लागलं.
गुडघा सीटवर रोवून मी पट्टा ओढत होतो,
घाम नाकावरून थेट माहितीपत्रकावर.

बाबा खुर्ची टाकून बघत होते.
"अन् तोंड मांगं काऊन? पोट्टीले रस्ता दिसू दे ना बे."
मी मानेचं सांगितलं. कच्ची असते,
धक्का पाठीवर पसरला पाहिजे, वगैरे.
"तुले त म्या राजदूतच्या टाकीवर बसवून
भंडाऱ्याले नेलं होतं. मेला का तू?"

मेलो नव्हतो.
यावर उत्तर नसतं.

संध्याकाळी कामठी रोडनं पहिली चक्कर.
आरशात मला फक्त सीटची पाठ दिसते,
आणि तिच्या शेजारी बाबा, गप्प.
ती मागे सरकणारी झाडं मोजल्यासारखी बघते.
मी पुढचं बघतो, ती झालेलं.
विशाखानं शिकवलं होतं तसं
बाबांनी खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहिला.
चिमटीत आला नाही. पुन्हा पाहिला.

मग खिडकीकडे बघत म्हणाले,
"टाकीवर होता तू, तवा डावा हात
तुह्या पोटावरच होता माहा.
क्लच दाबाले तेवढा सोडो."
थोड्या वेळानं :
"म्हणून गिअरच नाही बदलवला.
पारडीपासून मौद्यापर्यंत दुसऱ्यावरच.
इंजिन रडे नुसतं.
तुही माय म्हणे, गाडीचा जीव घेता का?"

पुढे सिग्नल लाल झाला.
मी हळू, फार हळू ब्रेक दाबला.
मागे एक म्हातारा डावा हात
पट्ट्यांच्या वर, नऊ किलो चारशेवर
येऊन अलगद टेकला,
आणि हिरवा झाला तरी तिथेच राहिला.