वेळा

तिसऱ्यांदा निळा पडदा.
मानेवाड्यात भर दुपारी पंचेचाळीस डिग्री,
उघड्या कॅबिनेटपुढे मांडी घालून मी
लेकीच्या खोडरबरानं रॅमची सोनेरी किनार घासतोय.

इंगोले म्हणाला, एसएमपीएस बदल बे.
बदलला.
विंडोज दोनदा टाकलं. पंख्यातली धूळ फुंकली,
ती डोळ्यांत गेली.
कधी दहा मिनिटं चालतं, कधी अख्खी रात्र,
इंगोले आला की मात्र गरीब गायीसारखं.

शेवटी वहीत नुसत्या वेळा लिहिल्या.
बारा दहा. दीड. तीन पाच.
चष्मा चढवून आईनं वाचल्या:
"अरे, तेव्हाच त मी कूलरचा पंप लावतो."

एकच बोर्ड, एकच जुनी तार.

आता बटण दाबायच्या आधी ती हाक मारते,
मी सेव्ह करतो.
मग वाळ्याचा वास येतो.