हातचं

सकाळी नऊला ती आली, बाहेर रात्रच होती.
आमच्या फ्योर्डात नोव्हेंबर सरताना सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारीच्या शेवटापर्यंत तोंड दाखवत नाही.
बोगुमिला. पोलंडची. अकरा वर्षं मासळीच्या कारखान्यात,
पट्ट्यावरून येणारा कॉड, हातात पातळ सुरी,
आणि आता उजवं मनगट: दोन शस्त्रक्रिया, एक करडी पट्टी.
टेबलावर फोन, फोनमध्ये रेकयाविकची दुभाषी.
तिला सर्दी झालेली.

आधी डावा हात. एकतीस किलो.
काटा शून्यावर आणला. आता उजवा,
मी म्हटलं, सगळा जोर लावून दाबा.
फोन शिंकला, मग पोलिशमध्ये काहीतरी म्हणाला.
चौदा.
पुन्हा. तेरा.
पुन्हा. चौदा.
चार नि तीन सात नि चार अकरा,
एक लिहिला, हातचा एक.

आम्हाला शिकवलेलं असतं:
सोंग करणाऱ्याचे आकडे एकमेकांना ओळखत नाहीत.
न लावलेला जोर तीनदा सारखा मोजून देणं कठीण.
म्हणजे हिनं हातचं काही राखलं नव्हतं.
तसं लिहिलं मी, फॉर्मच्या भाषेत:
प्रयत्न सुसंगत.

मग क्रेट. जमिनीपासून कमरेपर्यंत.
पाच किलो, साडेसात, दहा.
दहाला नाडी एकशे अठरा
आणि ओठांच्या कडेला एक पांढरी रेघ,
तिच्यासाठी रकाना नाही.
दुखणं किती, शून्य ते दहा?
फोन बोलला. ती फोनहून जास्त वेळ बोलली.
"त्या विचारतायत, रात्री की आत्ता?"
आत्ता.
"सहा. आणि म्हणतायत,
रात्रीचं तुम्ही विचारतच नाही."

ती गेल्यावर खिडकीतून दिसली.
शाळेतल्या स्वयंपाक्याची गाडी बर्फात रुतलेली,
चाकं नुसतीच गरगरत होती.
बोगुमिलानं पिशवी खाली ठेवली,
पाठ लावली गाडीला, टाचा रोवल्या,
आणि गाडी निघाली.

शेवटच्या पानावर एक चौकट आहे:
चाचणीबाहेरचं निरीक्षण.
विमा कंपनी पहिल्यांदा तीच वाचते.

उजवा हात सगळा वेळ काखेत होता तिच्या,
शेजारणीची काचेची बरणी
परत द्यायला निघाल्यासारखा.
हे लिहायचं कसं, जागा दीड ओळीची.
'गाडी ढकलली' लिहिलं. पुढे 'पाठीनं' लिहिलं.
पाठीनं या शब्दाखाली रेघ ओढली, मग अजून एक.
रेघांना गुण नसतात, माहीत आहे मला.

पकड मोजायच्या यंत्रावर लाल काटा असतो.
जोर जिथवर पोचला तिथंच तो थांबून राहतो,
माणूस सोडून जातो, काटा जात नाही.
बोटानं मागे आणावा लागतो.

दोन वाजता ट्रॉलरवरचा एकजण यायचा होता,
खांदा निखळलेला.
तोवर राहू दे म्हटलं
चौदावर.