बूड मागं

उमरेड रोडच्या पुढं एक बंद पडलेली धावपट्टी आहे.
आम्ही अकरा जण ती रविवारपुरती भाड्यानं घेतो.
नारिंगी शंकू, जुन्या टायरांच्या रांगा,
आणि साडेपाचला डांबर अजून गार,
म्हणजे मे महिन्यात नागपुरात असतं तितपत.

पहिल्या सत्रात काही नाही.
दुसऱ्यात, तिसऱ्या वळणाला,
माकडहाडाच्या जरा वर, डावीकडे,
कुणी सुतळीला पीळ द्यायला लागलं.
चौथ्यात मी गाडी चालवत नव्हतेच,
स्टिअरिंगला लोंबकळत होते
आणि प्रत्येक वळण पाठीनं ओढून आणत होते.

घरी आले ती भिंत धरत.
मोजे काढायला धाकटीला हाक मारली.

बाबा खाटेवरून बघत होते.
गोळीबार चौकामागं एकोणचाळीस वर्षं
खड्ड्याच्या मागावर बसलेला माणूस,
कंबरेपर्यंत जमिनीत,
वर फक्त हात आणि धोटा.
कितवी आलीस, किती वेगानं, काही नाही.
"बसतं कशी तू?"

"बसते तशी बसते."

"हाव. म्हनूनच."

संध्याकाळी गल्लीत, चपला बाहेर काढून,
ते माझ्या गाडीत बसले.
आयुष्यात स्टिअरिंग न धरलेला माणूस
डोळे मिटून सीट चाचपत राहिला,
ताणा चाचपावा तसा.
मग मला बसवलं, कंबरेमागं हात घातला.
हात आरपार गेला.
"एवढी पोकळी घेऊन कोन बसते व?
बूड मागं. अजून. भिंतीले टेकवल्यावानी."

स्वतः विणलेल्या पंच्याची वळकटी केली,
सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली दोन्ही टोकांना,
आणि पोकळीत बसवली.
सीट दोन खाचा पुढं. पाठ उभी.
"गुडघा वाकलाच पायजे.
ताणल्या पायानं पावडी दाबशीन
तं दाबते कंबर, पाय नाही."
ब्रेकला पावडी म्हणणारा माझ्या ओळखीतला एकटाच.
मनगट चाकाच्या माथ्यावर ठेवायला लावलं,
खांदा सीटवरून सुटतो का ते वाकून पाहिलं.
"आन् हा डावा पाय रिकामा कायले?
टेकव. रेट त्याचा.
हातानं फक्त धोटा फेकाचा,
धरून राहाचं काम बुडाचं."

पुढच्या रविवारी वळकटी बघून
दातांचे डॉक्टर लांजेवार खूप हसले.
त्यांची गाडी नवी, लाल, सीट इटलीची.
मी पट्टा हाडांवर खाली घेतला, घट्ट केला,
डावा पाय टेकवला.
तिसरं वळण आलं तसं गेलं.
मी बोटांनी धरलं होतं चाक,
चहाचा कप धरावा तसं.

पंधरा मिनिटं झाली की उतरायचं,
हेल्मेट काढायचं, टायरांच्या रांगेपर्यंत चालत जायचं,
पाणी प्यायचं तहान लागायच्या आधी.
हे बाबांनी सांगितलेलं नाही.
मागावर उतरायला कुणाला वेळ होता?

अकरा वाजता डांबर मऊ पडलं.
डॉक्टर गाडीतून निघाले दोन हप्त्यांत:
आधी पाय, मग बऱ्याच वेळानं डॉक्टर.
"पराते मॅडम, तो पंचा..."
म्हटलं, आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा.
पाकीट जाड होतं.

दुखायचं राहिलं का? नाही.
थोडं राहिलंय, खालच्या आवाजात.

रात्री विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं हे?
"कोनी नाही. दुखून दुखून समजलं.
समजलं तवा माग विकला होता."
भिंतीला टेकून बसले होते,
उजवा हात कंबरेमागं, नेहमीसारखा.
तो हात मी जन्मापासून बघतेय,
आणि मला वाटायचं, ही त्यांची ऐट आहे.

कपाटातून दुसरा पंचा काढला.
खळीचा वास अजून होता त्याला.
गुंडाळला, हात बाजूला करून मागं सरकवला.

"लय वर झाला," म्हणाले.
"खाली घे."