एक ते पाच

समाधान किती? एक ते पाच,
योग्य आकड्याला गोल करा.

वाइनच्या बाटलीत सोबोलोचं लाल सरबत भरून
वर्षभर ओतायला शिकलो,
उजवीकडून, थेंब न सांडता.
खरी वाइन आग्बेको सरांनीही
बहुधा फोटोतच पाहिलेली.
चार.
नाही, तीन.

नोकरीसाठी तयार आहात?
आमच्या शहराचं नावच हो.

इंटर्नशिपच्या तिसऱ्या रात्री वीज गेली.
तेवीस नंबरचा पाहुणा जिन्यात,
अंगभर साबण, तोंडात शिव्या.
टॉवेलचा हंस करायला सांगितला असता
तर डोळे मिटून केला असता.
मी कोळशावर पाणी तापवलं,
बादली चार मजले चढवली,
आणि दारात पाठ केलेलं इंग्रजी निघेचना;
निघालं ते आईचं, खानावळीतलं, 'वोएझो':
आलात, बरं झालं.
त्यानं बादली घेतली. दार लावलं.
याला किती गुण?

सूचना असल्यास:
ओव्हन दुरुस्त करा.

नाव (ऐच्छिक):
द्झिफा.
आमच्या एवे भाषेत याचा अर्थ, काळीज निवलं.
वरचा रकाना
मी पुन्हा खोडते.