जवाएवढं कमी

लग्नसराई सरली होती, मशीनवर काही काम नव्हतं.
पांढरीवरची माती चाळून
माळवदावर टाकत होतो आपण दोघं.
घमेल्यात काहीतरी वाजलं.
तू फुंकर मारलीस, पदराला पुसलंस:
शंखाच्या बांगडीचा तुकडा,
कडेला करवतीची खूण.
मनगटावर धरून म्हणालीस,
"लेकराची असंल."
मी म्हणालो, लेकराची नाही.
"तुला काय ठाव?"

मला काय ठाव असणार.
तेरमध्ये जमिनीखाली कोण कोण आहे
ते तेरलाही माहीत नाही.
पण उन्हं उतरायला वेळ होता. म्हणून ऐक.

तो शंख कापायचा. पुसणक नाव.
समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता;
समुद्रच यायचा त्याच्याकडं बैलांच्या पाठीवरून,
गोण्यांत भरून, घाटाची धूळ पांघरून,
जरासा कुजका वास घेऊन.
ती आसाढमिता.
बापाचे चार माग तेरणेच्या काठाला.
तिचं सूत इतकं तलम की परगावचे व्यापारी
डोळ्यांनी नाही, ओठांनी तपासायचे.

तिनं हात पुढं केला,
त्यानं धरला नाही. दुकानात चारचौघं होती.
"मापाचं सूत आण," म्हणाला, खाली बघून.
आणलं.
आठव्या दिवशी बांगडी झाली,
अंगठ्याच्या हाडाशी अडली.
"सूत ओढून धरलं असशील."
"तुझीच करवत जास्त खाते."
दुसरं सूत, दुसरी बांगडी.
पुन्हा तिथंच, हाडाशी.

खरी गोष्ट अशी की
तो जवाएवढं कमी कापायचा.
आणि ती, माप घेऊन झाल्यावर,
जवाएवढं सूत दातानं तोडून टाकायची.
एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं.
त्यामुळं बांगड्या लहान लहान होत गेल्या.
पाचवी तर करडाच्या पायात
बसली असती.

आळी हसायला लागली.
शंख वाया जातो म्हणून मालकानं
पुसणकाची ज्वारी कापली, महिन्याला दोन पायली.
तिची आई म्हणाली,
"ज्याला माप येत नाही त्याच्या दारी
चपला झिजवतेस कामून?"

मग एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं.
"आज सूत नको," तो म्हणाला. "हात दे."
बोटांच्या बेचक्यांत सुतानं पडलेले घट्टे होते.
त्यानं रिठ्याचा फेस लावला,
अंगठा आत मुडपला,
आणि ठेवणीतली एक बांगडी
(कधीच कापून ठेवलेली, बरोब्बर मापाची)
हाडावरून अलगद सरकवली.
बसली.
दोघंही बघत राहिले.
आता उद्या यायचं कशासाठी?

फेस वाळत चालला.
बाहेर कुणाच्या तरी गाढवानं अंग झटकलं.
तिनं बांगडी काढली,
उंबऱ्यावर आपटली,
आणि म्हणाली,
"फुटली. दुसरी कर."

पुढचं मला माहीत नाही.
बापानं होकार दिला का,
ती तेरणेच्या पल्याड कुणाच्या घरी गेली का,
पुसणकाला मालकानं किती दिवस ठेवलं.
आणि हा तुकडा त्या लहान पाचांतला
की उंबऱ्यावरच्या त्या एकीचा,
तेही नाही सांगता येत.
बाक बघून कळेल म्हणतेस.
नको बघू.

तू काही बोलली नाहीस बराच वेळ.
तुकडा पन्हाळीजवळ ठेवलास,
वर मूठभर पांढर टाकलीस,
तळहातानं थापलीस, जशी भाकर थापावी.
मग माझ्याकडं न बघताच:
"आमच्या गल्लीत तुझी मशीन नवी आलती
तवा माझ्या एकाच पोलक्याच्या बाह्या
चार बारीला घट्ट कशा झाल्या रे?"

मी चाळणी उचलली.
खाली खूप माती राहिली होती अजून.